ढोमा टोपलीत टुरटुरतो, मग पाण्यात गप्प का?

खाजणवाट
जाळं वर आलं की ढोमे, कोत, घोळ टुरटुरतात, शिंगाळा हातात धरला की करकरतो, हे किनाऱ्यावरच्या कुणाला सांगायला नको. पण माशाला ना फुफ्फुस ना कंठ. मग आवाज निघतो कुठून? आणि हाच मासा पाण्यातही बोलत असेल, तर खाडीत डुबकी मारून कितीही कान दिला तरी बारीक तडतडीपलीकडे काही ऐकू का येत नाही?

माझं मत असं, की हे बोलणं वगैरे काही नाही. पाण्याबाहेर काढल्यावर होणारी घुसमट आहे, तिला आपण उगाच आवाजाचं नाव देतो. जाणकारांनी खोडून काढावं.

तिरकस
टोपलीत पडल्यावर कोण गप्प बसेल हो?

वाताशय
घुसमट नाही. घुसमटीसाठी खास स्नायू कुणी बाळगत नाही.

ढोमा, घोळ, कोत हे सगळे एकाच कुळातले. यांच्या पोटात पाठीच्या कण्याखाली हवेची पिशवी असते, तिलाच बाजारात बोत म्हणतात. बोताच्या दोन्ही बाजूंना, पोटाच्या भिंतीला आतून चिकटलेला एकेक स्नायूचा पट्टा असतो. हे पट्टे झटक्यात आकुंचन पावतात, बोत दचकतं आणि एक ठोका निघतो. ठोके ओळीने पडले की टुर्र. हवा कुठून बाहेर पडत नाही, तोंड उघडावं लागत नाही. म्हणूनच टोपलीतला ढोमा तोंड मिटूनही वाजतो.

खात्री करायची असेल तर ताजा ढोमा साफ करताना पोट नेहमीसारखं फाडा, पण आतडी ओरबाडून काढू नका, बोटाने हळूच बाजूला करा. बोत चंदेरी-पांढरं दिसेल. त्याच्या शेजारी बरगड्यांच्या आतल्या अंगाला बघा. बाकीचं मांस फिकट असतं आणि हा पट्टा तांबूस-तपकिरी, बारीक आडव्या धाग्यांचा. पट्टा दिसला नाही तर गाबोळी आहे का बघा, बहुधा मादी निघेल. या कुळातल्या बहुतेक जातींत हा स्नायू फक्त नराला असतो. काही जातींत दोघांनाही असतो, त्यामुळे एकाच माशावरून निकाल देऊ नये. विणीच्या हंगामात पट्टा चांगला जाड होतो, हंगाम सरला की पातळ होतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या याच कुळातल्या वीकफिशमध्ये हे वजन करून दाखवलेलं आहे.

पंचम
वा, म्हणजे घुमट वाद्यच की! चामडं ताणलेलं, आत हवा, बाहेरून थाप. मोठं बोत तर खर्ज, लहान बोत तर वरचा सूर. हिशोब जुळतो.

वाताशय
मोठ्या माशाचा आवाज खर्जातला असतो हे बरोबर, पण कारण ते नाही. घुमटाला थाप मारली की चामडं आपल्या सुरात घुमत राहतं. बोताची भिंत उलट घुमणं दाबते. स्नायू थांबला की आवाज तिथल्या तिथे मरतो. तसं नसतं तर एक ठोका दुसऱ्यात मिसळून सगळा गोंधळ झाला असता. ढोम्याच्या कुळात प्रत्येक ठोक्याचा सूर ठरतो स्नायूला एक झटका पुरा करायला किती वेळ लागतो त्यावर. मोठ्या माशाचा स्नायू लांब, झटका संथ, म्हणून सूर खाली.

अटलांटिकमधल्या टोडफिशचं तर आणखी सरळ आहे. त्याचा स्नायू सेकंदाला जितक्या वेळा आकुंचन पावतो तोच त्याच्या शिट्टीचा मूळ सूर. हा स्नायू सेकंदाला २०० वेळांपर्यंत आकुंचन पावू शकतो. पृष्ठवंशी प्राण्यांच्या सर्वांत वेगवान स्नायूंमध्ये त्याची गणना होते. वेगाची किंमत ताकदीने चुकवावी लागते, या स्नायूने पोहता येणार नाही.

पंचम
घुमट मागे घेतो. पण मग पाणी तापलं की सूर चढत असणार? स्नायू गरम झाला की जलद चालतो.

वाताशय
चढतो. म्हणून रेकॉर्डिंगसोबत पाण्याचं तापमान लिहून ठेवल्याशिवाय दोन महिन्यांचे सूर एकमेकांशी ताडू नयेत.

रापणकर
शिंगाळ्याचं राहिलं. त्याचा करकराट बोताचा नाही, काट्याचा आहे. छातीच्या परातला पुढचा जाड काटा असतो ना, त्याच्या बुडाशी बारीक खाचांची ओळ असते. तो काटा खांद्याच्या हाडातल्या खोबणीत घासला की प्रत्येक खाचेमागे एक टिचकी. काटा पुढे नेताना एक करकर, मागे आणताना दुसरी. मांगूरपासून समुद्री शिंगाळ्यापर्यंत या गोत्रात हे फार पसरलेलं आहे. काही शिंगाळे बोतही वाजवतात, म्हणजे एकाच माशाची दोन वाद्यं. आवाज कशाचा ते ओळखायचं तर काटे दोन्ही हातांनी अंगासरशी दाबून धरा. करकर थांबली आणि घुमल्यासारखं चालू राहिलं तर ते बोत.

करकरा घशातले दात एकमेकांवर घासतो. त्याचे दात घशात आत, कल्ल्यांच्या मागे असतात आणि बोत अगदी लगत असल्याने तो आवाज भरदार होतो. केंडसुद्धा दातच घासतो.

समुद्रफेस
कृपया शिंगाळ्याचे काटे असे धरायला सांगू नका. काटा उभा केला की कुलुपासारखा अडकतो, कडेला करवत असते आणि वरच्या कातडीत विष असतं. लागलाच तर जखम धुऊन हात सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंश, अर्धा ते दीड तास ठेवायचा. पाणी दुसऱ्या, न लागलेल्या हाताने आधी तपासायचं, कारण दुखऱ्या हाताला चटका कळत नाही. काट्याचा तुकडा आत राहिला असेल तर डॉक्टर आणि धनुर्वाताचं इंजेक्शन. बर्फ नको, ठणका वाढतो.

रापणकर
बरोबर. जाड हातमोजे घालून, आणि लहान मासा घेऊन. हे लिहायला हवं होतं.

तिरकस
धागा माशांचा होता, प्रथमोपचार पेटीपर्यंत आला. पुढे विमा.

खाजणवाट
स्नायूचं पटलं. पण हंगामात स्नायू जाड होतो म्हणजे बोलणंच चाललंय हे कशावरून? ऐकणारा त्यावर काही करतो का? त्याशिवाय मी हट्ट सोडणार नाही.

निळीशाई
करतो, म्हणजे करते. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर मिडशिपमन नावाचा टोडफिशचा भाऊ आहे. उन्हाळ्यात नर उथळ पाण्यात दगडाखाली घर करतो आणि रात्री साधारण १०० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १०० कंपनांच्या सुरात गुणगुणतो. एकेक गुणगुण तासाभराहूनही जास्त चालते. तासाला ३,६०,००० आकुंचनं, मध्ये दम न खाता. १९८०च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या सॉसालिटोमध्ये हाउसबोटींत राहणाऱ्यांची झोप यानेच उडवली होती. पंपापासून गुप्त लष्करी यंत्रापर्यंत सगळ्यांवर संशय घेऊन झाला, मग मासा निघाला.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं. टाकीत नर न ठेवता पाण्यातला स्पीकर ठेवला आणि त्यावर नुसता तेवढा सूर वाजवला, तर अंड्यांवर आलेली मादी सरळ स्पीकरकडे जाते. अंडी घालून झालेली मादी ढुंकून बघत नाही. हंगामात संप्रेरकांमुळे मादीचा कानही बदलतो, नराच्या गुणगुणीतले वरचे सूर तिला जास्त चांगले ऐकू येऊ लागतात. घुसमटीसाठी एवढा खटाटोप?

यात एक चोरटा नरही असतो. आकाराने लहान, घर बांधत नाही, गुणगुणत नाही, दुसऱ्याच्या घरात गुपचूप शिरून अंडी फळवतो.

तिरकस
मैफल एकाची, बिदागी दुसऱ्याची. नवीन काय सांगितलंत?

खाजणवाट
स्पीकरने मारलं. घुसमट मागे. पण टोपलीतली टुरटुर प्रेमगीत नसावी, एवढं तरी मान्य करा.

वाताशय
ते मान्यच. पकडल्यावरचा आवाज वेगळा असतो. ठोके लहान, घाईचे, कसेही. शत्रूने तोंडात धरल्यावर त्याला दचकवणं हा त्याचा उपयोग असावा असं मानतात. विणीच्या वेळचे ठोके एकसारख्या अंतराने पडतात. स्नायू तोच, चाल दुसरी. आणि माशाकडून येणारा प्रत्येक आवाज म्हणजे बोलणंही नव्हे. शिंपले फोडताना, खडकावरचं शेवाळ खरवडताना, झुंडीने एकदम वळताना जो आवाज होतो तो आपोआप होणारा.

सारंगा_रत्नागिरी
नराच्या बोताला बाजारात जास्त भाव असतो त्याचं कारण या स्नायूत आहे का?

रापणकर
स्नायूला कोण विचारतं? तो तर खरवडून टाकतात. भाव बोताच्या भिंतीला, तिची जाडी आणि आकार बघून. वाळवून ते चीन, हाँगकाँगकडे जातं. ऑगस्ट २०२१ मध्ये पालघरच्या मुरबे गावच्या एका बोटीला १५७ घोळ मिळाले आणि त्यांचे सुमारे १ कोटी ३३ लाख रुपये झाले, ती बातमी सगळ्यांनी वाचली असेल. तो पैसा मुख्यतः बोताचा.

सारंगा_रत्नागिरी
आणि २०२३ मध्ये घोळ गुजरातने राज्यमासा करून टाकला. आपण पापलेट घेतलं.

तिरकस
पापलेट बोलत नाही. सरकारला तसंच आवडतं.

निळीशाई
घोळाचं नाव निघालंच आहे तर एक सांगते. याच जातीच्या घोळाचं पाण्यातलं गाणं ऑस्ट्रेलियात व्यवस्थित रेकॉर्ड झालेलं आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियात पोर्ट हेडलंडच्या समुद्रात १८ महिने यंत्रं ठेवून संशोधकांनी पहाटे आणि तिन्हीसांजेला उठणारे सात वेगवेगळे समूहस्वर वेगळे काढले, २०१६ मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्यातला धुक्यातल्या भोंग्यासारखा खोल आवाज घोळाचा. दुसरा एक टेरापॉनच्या कुळाचा, हा वाकड्या काळ्या पट्ट्यांचा मासा आपल्या खाड्यांतही भरपूर आहे. गोव्यात दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनेही ग्रांदे बेटाजवळ अशी रेकॉर्डिंग करून माशांचे समूहस्वर अभ्यासले आहेत.

पहिला_पाऊस
मध्येच विचारतो. म्यानमारमधला १२ मिलिमीटरचा कुठलासा मासा १४० डेसिबलचा आवाज काढतो, विमानापेक्षा मोठा, अशी बातमी फिरत होती. खरी का?

ध्वनिमापक
मासा खरा, आकडा खरा, विमान खोटं.

तो डॅनिओनेला सेरेब्रम. २०२४ मध्ये त्याचं यंत्र उलगडलं. बरगडीला लागून एक कूर्चा असते, स्नायू ती ताणून धरतो आणि सोडतो, कूर्चा बोतावर आपटते. या बाबतीत पंचम यांची थाप खरी म्हणायची.

आता डेसिबल. डेसिबल म्हणजे गुणोत्तर, कशाच्या तुलनेत ते सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही. हवेत तुलनेचा दाब २० मायक्रोपास्कल धरतात, पाण्यात १ मायक्रोपास्कल. नुसत्या या फरकाने पाण्यातला आकडा २६ने फुगतो. शिवाय पाणी हवेपेक्षा ध्वनीला कितीतरी जास्त रोध करतं, त्यामुळे तेवढ्याच दाबात वाहणारी ऊर्जा कमी, त्याचे आणखी ३६. म्हणजे पाण्यातल्या आकड्यातून ६२ वजा केल्यावरच हवेतल्या आकड्याशी तुलना जमते. १४० चे उरले ७८.

दुसरं, हे १४० माशापासून एका अंगलांबीवर, म्हणजे सेंटिमीटरभरावर मोजलेले. इतर माशांचे आकडे १ मीटरवरचे असतात. १२ मिलिमीटरवरून १ मीटरवर गेलं की ३८ डेसिबल आणखी जातात. एवढ्याशा जिवासाठी तरीही तो प्रचंड आवाज आहे, पण विमानतळ बंद करायची गरज नाही.

पहिला_पाऊस
बातमी पाठवणाऱ्या काकांना हाच प्रतिसाद चिकटवतो. धन्यवाद.

मृगजळ
मासे ऐकतात कशाने? बाहेर कान दिसत नाहीत.

वाताशय
ढोम्याचं डोकं खाताना जे दोन पांढरे खडे दाताखाली येतात, त्यांनीच. माशाचं अंग पाण्याइतकंच घन असल्याने ध्वनी आला की अख्खा मासा पाण्यासोबत हलतो. खडा मात्र पाण्याच्या जवळजवळ तिप्पट घन, तो मागे राहतो. खड्याखालच्या केसपेशी त्यामुळे वाकतात आणि मेंदूला खबर जाते. ढोम्याच्या कुळात हे खडे अंगाच्या मानाने फार मोठे असतात.

रोहू, कटला, मृगळ, मांगूर यांच्यात बोतापासून कानापर्यंत बारीक हाडांची साखळी असते. बोत ध्वनीने थरथरलं की ती थरथर साखळीतून कानात. म्हणून यांना काही हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं. ज्यांना बोत आणि साखळी दोन्ही नाहीत त्यांची मजल बहुतेक काही शे हर्ट्झपर्यंत.

मृगजळ
मग बोटीवरच्या फिशफाइंडरच्या, म्हणजे मासे शोधणाऱ्या ध्वनियंत्राच्या आवाजाने मासे पळतात हे खोटं?

वाताशय
फिशफाइंडर ५० आणि २०० किलोहर्ट्झवर चालतो. बहुतेक माशांच्या ऐकण्याच्या कितीतरी वर. अमेरिकन शॅड नावाच्या माशाला १८० किलोहर्ट्झपर्यंत कळतं हे १९९७ मध्ये दिसून आलं, तो अपवाद. मासे पळतात ते इंजिनाच्या घरघरीने, ती नेमकी त्यांच्या पट्टीत असते.

तिरकस
स्वीडनच्या नौदलाचा किस्सा अजून कुणी टाकला नाही, आश्चर्य आहे.

निळीशाई
टाकते. १९८१ मध्ये सोव्हिएत पाणबुडी स्वीडनच्या खडकावर अडकली, त्यानंतर त्यांना पाण्यात जागोजागी पाणबुड्यांचे आवाज ऐकू येऊ लागले. १९९०च्या दशकात संशोधकांना ते ऐकवल्यावर संशय हेरिंग माशांवर गेला. हेरिंगच्या हवेच्या पिशवीतून गुदद्वाराशेजारी उघडणारी नळी असते. तीमधून हवेचे बुडबुडे सोडताना ओळीने टिकटिक होते, एक फेरी ७-८ सेकंदांपर्यंत, सूर २२ किलोहर्ट्झपर्यंत, बहुतेक रात्री. हे संशोधन करणाऱ्यांना २००४चं इग्नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या संशोधनाचं गमतीदार पारितोषिक, मिळालं.

तिरकस
शीतयुद्धात वाताचा त्रास. बसा आता.

खारफुटी
मूळ प्रश्नाचा दुसरा भाग ऐकून सोडवायचा असेल तर हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातला माइक करा. पाच-सहाशे रुपयांत होतो. पण त्यात एक चूक हटकून होते आणि मग 'खाडीत मासे बोलत नाहीत' असा निष्कर्ष निघतो.

२७ मिलिमीटरची पिझो चकती घ्या. पितळी बाजूला केबलची बाहेरची जाळी (शील्ड), मधल्या पांढऱ्या भागाला आतली तार. डाग (सोल्डर) देताना सोल्डरिंगची इस्त्री दोन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका, चांदीचा थर सुटतो. केबल शील्ड असलेलीच हवी. आता ही चकती थेट मोबाइल किंवा लॅपटॉपच्या माइकला जोडली की घात झाला. चकती म्हणजे साधारण २० नॅनोफॅरडचा कपॅसिटर. माइक इनपुटचा रोध असतो २ किलोओहमच्या आसपास. दोन्ही मिळून ४,००० हर्ट्झच्या खालचं सगळं कापतात. मासे बोलतात मुख्यतः १०० ते १,००० मध्ये. तुम्हाला ऐकू येते फक्त झिंग्यांची तडतड.

म्हणून मध्ये प्रीॲम्प, म्हणजे माइकच्या आधीचा छोटा वर्धक हवा. टीएल०७२ चिप, ९ व्होल्टची बॅटरी, इनपुटवर अर्ध्या व्होल्टेजचा बायस देण्यासाठी १ मेगाओहमचे दोन रोध. दोन्ही मिळून अर्धा मेगाओहम दिसतो, कापणी १६ हर्ट्झवर येते. बस्स. प्रीॲम्प वर होडीत ठेवला तरी चालतो. १० मीटर केबलची कपॅसिटी १ नॅनोफॅरडच्या आसपास, २० पुढे किरकोळ.

ध्वनिमापक
पाणी शिरण्याबद्दल लिहा. निम्मे तिथे मरतात.

खारफुटी
दोन नळ्यांचं एपॉक्सी, दोन थर, पहिला पूर्ण वाळल्यावर दुसरा. केबलचं पीव्हीसी आवरण एपॉक्सी नीट धरत नाही, त्यामुळे शेवटचे ३ सेंटिमीटर पॉलिश पेपरने घासून स्पिरिटने पुसा. तरीही पाणी जाळीच्या धाग्यांतून आत चढू शकतं, म्हणून टोकाची जाळी डागाने भरून टाका.

तपासणी अशी: रात्रभर मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवा, सकाळी मल्टिमीटरने तार आणि जाळीमधला रोध बघा. मीटरने काहीच दाखवू नये. काही शे किलोओहम किंवा त्याखाली आला तर ओल शिरली. हायड्रोफोन तेव्हाही वाजतो, हीच फसवणूक. रोध कमी झाल्याने खालचे सूर गेलेले असतात आणि तुम्हाला पत्ता नसतो.

पाण्यात सोडताना पाव किलो वजन, चकती तळापासून अर्धा-एक मीटर वर. दोरी होडीला थेट बांधू नका, मध्ये रबरी तुकडा घाला, नाहीतर लाटेचा प्रत्येक धक्का रेकॉर्ड होतो. ओढ असेल तर केबल स्वतःच गुणगुणते, तो सूर मासा समजून लोक खूश होतात. उधाणाच्या दिवसांपेक्षा भांगाच्या, म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या दिवसांत जा आणि पाणी थांबायच्या वेळेला धरा. रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्झ, वेव्ह फाइल, लो-कट (खालचे सूर कापणारी सोय) बंद, आपोआप पातळी ठरवणारी सोय बंद. ती चालू असेल तर झिंग्याच्या प्रत्येक टिचकीमागे मासा दबतो.

पंचम
ही तडतड झिंग्यांची म्हणजे चालताना होते?

खारफुटी
नाही, चिमटा मिटताना. टिचकी झिंग्याचा मोठा चिमटा इतक्या वेगाने मिटतो, की पाण्याच्या झोतात बुडबुडा तयार होतो आणि तो फुटल्याचा आवाज येतो. चिमट्याच्या दोन बाजू आपटल्याचा नव्हे, हे २००० मध्ये दाखवलं गेलं.

ध्वनिमापक
ऐकण्यापेक्षा बघा. ऑडॅसिटी या संगणक प्रणालीत स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजाचं वेळ आणि सुरांनुसार चित्र, उघडा, वरची मर्यादा २,००० हर्ट्झवर आणा. खिडकी (विंडो साइझ) ५१२ ठेवली तर प्रत्येक ठोका उभ्या रेघेसारखा सुटा दिसतो. ४,०९६ ठेवली तर तेच ठोके एकमेकांत मिसळून आडव्या पट्ट्यांची शिडी दिसते. सेकंदाला ५० ठोके असतील तर पट्ट्या ५० हर्ट्झच्या अंतराने. दोन्ही चित्रं एकाच आवाजाची, म्हणून दोन्ही काढा. आणि ५०, १००, १५० वर जराही न हलणाऱ्या पट्ट्या दिसल्या तर तो मासा नव्हे, महावितरण, म्हणजे ५० हर्ट्झच्या विजेची गुणगुण. चार्जर काढा, बॅटरीवर चालवा.

समुद्रफेस
एक शंका. हे इतकं सोपं असेल तर बोटीवाल्यांना सोपं करून द्यावं का? घोळाचा थवा कुठे गातोय ते कळलं की वणवण वाचेल, डिझेल वाचेल.

निळीशाई
माझा विरोध. गातात तेव्हा ते विणीला जमलेले असतात. मेक्सिकोत कोलोराडो नदीच्या मुखाशी गल्फ कॉर्विना, हा घोळाच्याच कुळातला मासा, वसंतात लाखोंनी जमतो. त्याचा कल्लोळ इतका, की होडीच्या तळातून ऐकून कोळी जाळं टाकतात. अंडी पडायच्या आतच उपसा. चीनमध्ये १९५०च्या दशकात होड्यांवर लाकडं बडवून याच कुळातले पिवळे क्रोकर बधिर करून पकडायचे, पिल्लांसकट. १९६०च्या दशकात त्यावर बंदी आणावी लागली.

रापणकर
ताई, कान लावून मासे शोधणं काल आलेलं नाही. मलायात पाण्यात डोकं घालून थवा ऐकणारा खास माणूस होडीवर असायचा. थवा ट्रॉलरने संपतो, कानाने नाही. उलट कुठे, कधी गातात हे कळलं तर तेवढा पट्टा तेवढे दिवस बंद ठेवता येईल. आज १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना सरसकट बंदी आहे, मासा मात्र आपल्या वेळापत्रकाने वितो.

निळीशाई
बंद ठेवणार असाल तर पाठिंबा. पण नकाशा आधी कुणाच्या हाती पडेल, ते तुम्हालाही माहीत आहे.

खाजणवाट
तुमचं चालू द्या, पण माझा दुसरा प्रश्न अजून तसाच आहे. डुबकी मारल्यावर का ऐकू येत नाही?

ध्वनिमापक
एक कारण नाही, तीन-चार एकत्र येतात.

पहिलं, खोली. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो, म्हणजे १०० हर्ट्झची एक लाट १५ मीटर लांब. उथळ पाण्यात ती मावत नाही. तळ टणक धरला तर लाटेच्या पाव भागाइतकी तरी खोली लागते. १०० हर्ट्झला पावणेचार मीटर. कमरेइतक्या, १ मीटर पाण्यात ३७५ हर्ट्झच्या खालचं काही मीटरांतच विरतं. खाडीचा मऊ चिखल तर आणखी खातो, त्यात वायूचे बुडबुडे असले की विचारूच नका. झिंग्याची टिचकी हजारो हर्ट्झची, ती मजेत पोहोचते. तुम्हाला तडतड ऐकू आली ती म्हणून.

दुसरं, तुमचा कान. पाण्यात आपण पडद्याने कमी आणि कवटीच्या हाडाने जास्त ऐकतो, खालच्या सुरांना तर फारच बहिरे असतो. दिशाही कळत नाही. हवेत दोन कानांत आवाज पोहोचण्यात साधारण ०.६ मिलिसेकंदांचा फरक पडतो, पाण्यात तो ०.१५च्या आसपास येतो.

तिसरं, डोकं वर काढलं तर पाण्यातल्या आवाजाच्या ऊर्जेपैकी हजारातला एखादाच भाग हवेत येतो. टोपलीतला ढोमा मात्र आधीच हवेत, तुमच्यापासून हातभर अंतरावर.

वाताशय
चौथं मी घालतो. वेळ. डुबकी दुपारी मारतात. हे लोक दिवेलागणीला सुरू होतात.

खाजणवाट
मग हायड्रोफोन न करता ऐकायचं असेल तर?

रापणकर
लाकडी होडी, किमान ६-७ मीटर पाणी, इंजिन बंद करून पाव तास थांबायचं. सूर्य बुडाल्यापासून पुढचे दोन तास. होडीच्या तळाच्या फळीवर, पाणी साचलेलं नसेल अशा जागी, कान सपाट टेकवायचा. फळी पाण्यासोबत थरथरते, हवेच्या पडद्याची अडचण राहत नाही. वल्हं पाण्यात उभं धरून दांड्याला कान लावला तरी चालतं, पण दांडा होडीला टेकू द्यायचा नाही. फायबरच्या होडीत दोन तळांमध्ये फोम भरलेला असेल तर काही ऐकू येणार नाही.

तिरकस
आणि कान टेकवल्यावर 'महावितरण' ऐकू आलं तर?

ध्वनिमापक
तर जवळ जेट्टी आहे आणि तिथल्या बर्फाच्या कारखान्याचा कॉम्प्रेसर चालू आहे. अर्धा किलोमीटर पुढे सरका.